आग आधी की डाग आधी? भाजलेलं आणि भाजल्यासारखं ओळखायचं कसं

‘मॅडम, भाजलं’ म्हणत येणारा प्रत्येक जण भाजलेला नसतो. उलट ‘काही नाही हो, उगाच जरा फोड आलाय’ म्हणत पाय पुढे करणारे मधुमेही आजोबा चांगलेच भाजलेले निघतात. कोकणात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवायचा म्हणजे काजूचा चीक, बिब्बा, लिंबू, पावसाळ्यातले किडे आणि खरोखरचा कढत चहा, सगळं एकाच बाकावर शेजारी शेजारी येऊन बसतं. दिसायला सारखंच: लाल, काळपट, फोडाळलेलं, चुरचुरणारं. घरच्या घरी निदान करून मोकळे व्हा असं मी म्हणत नाही. पण काय विचारायचं, काय बघायचं आणि कशासाठी सकाळची वाट बघायची नाही, हे घरात एकाला तरी ठाऊक असावं.

आधी पाणी, मग चौकशी

आत्ता या घटकेला कोणी भाजलं असेल तर पुढचं वाचू नका, नळ सोडा. साधं, गार, वाहतं पाणी, २० मिनिटं. घड्याळ बघून २० मिनिटं, कारण माणसं दोन मिनिटांत कंटाळतात आणि ‘झालं आता’ म्हणतात. भाजल्यापासून ३ तासांपर्यंत केव्हाही पाणी धरलं तरी फायदा होतो, त्यामुळे अर्धा तास होऊन गेला म्हणून सोडून देऊ नका. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच उतरवा; सूज चढली की कापाव्या लागतात. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. बर्फ नको, फोड फोडणं नको. तान्ह्या बाळाचं बरंच अंग पोळलं असेल तर पाणी फक्त पोळलेल्या जागेवर, बाकीचं अंग गुंडाळलेलं, नाहीतर बाळ गारठतं. नंतर वरून स्वच्छ धुतलेलं सुती फडकं सैलसर ठेवायचं आणि निघायचं.

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस. यांची वकिली करणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतंच. माझी तक्रार मुख्यतः रंगाची आहे. हळद थापलेली जखम समोर आली की खालची कातडी गुलाबी आहे की पांढरी तेच दिसत नाही, आणि पुढचा सगळा निर्णय त्या रंगावर असतो. मग ती हळद धुऊन काढायची. ते धुणं मूळ भाजण्याहून जास्त दुखतं.

पाण्याचं बरं असं की नंतर ते भाजलेलं नव्हतंच असं निघालं तरी काही बिघडत नाही. किड्याचं विष असो, झाडाचा चीक असो, अॅसिड असो, धुणं हाच पहिला उपाय. अपवाद कोरड्या चुन्याचा: पूड अंगावर सांडली तर आधी झटका, मग भरपूर पाणी. चुना डोळ्यात गेला तर मात्र एक क्षणही घालवू नका. डोळा उघडा धरून पाण्याची धार धरा आणि वाटेतही धुवत राहा. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबून फोडण्याच्या खेळात मुलांचे डोळे गेलेले आहेत.

पहिला प्रश्न: आग आधी की डाग आधी?

मी सगळ्यात आधी हेच विचारते. खरं भाजणं त्याच क्षणी कळतं. हात मागे येतो, तोंडातून आवाज निघतो, मग कातडी लाल होते आणि काही वेळाने फोड धरतो. कधी, कुठे, कशाने, सगळं सांगता येतं. ‘पावणेआठची शाळेची गडबड, कुकरची वाफ’ इतकं नेमकं.

भाजल्यासारख्या दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी उशिरा उगवतात. ‘रात्री झोपताना काही नव्हतं, सकाळी उठलो तर हे.’ हे वाक्य ऐकलं की मी विस्तव बाजूला ठेवते आणि आदल्या दोन दिवसांची उलटतपासणी सुरू करते. कुठे झोपलात, कुठला दिवा चालू होता, बागेत काय तोडलंत, कोणती नवी गोळी घेतलीत, गुडघ्याला काय बांधलंत? ‘काय लागलं?’ असं विचारलं तर उत्तर ‘काही नाही’ येतं. ‘परवापासून काय काय केलं?’ असं विचारलं की पत्ता लागतो.

आता यातली मेख. ज्याला आग कळतच नाही, त्याच्या बाबतीत हा प्रश्न फसतो. मधुमेहाने पाय बधिर झालेले, दारू प्यायलेले, फिट येऊन चुलीजवळ पडलेले. वर म्हटलेले आजोबा एप्रिलमध्ये भर दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून आले होते. दोन्ही तळव्यांना मोठाले फोड आणि चेहऱ्यावर कसलीही कळ नाही. फोडांपेक्षा ती नसलेली कळ मला जास्त बोचली. अशा माणसाने पाय शेकायचं पाणी स्वतःच्या पायाने कधीच तपासू नये, घरातल्या दुसऱ्याने हात घालून बघावं. गरम पाण्याची पिशवी तर अंथरुणात नकोच. आणि मधुमेह नसलेल्या माणसाची बोटं गरम भांड्याने किंवा विडीने पोळत असतील आणि त्याला पत्ताच लागत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. ती सरकारी आरोग्य केंद्रात होते, उपचार फुकट आहे आणि वेळेत घेतला तर आजार पूर्ण बरा होतो.

दुसरा प्रश्न: आकार कसला?

पातळ पदार्थ सांडला की तो खाली ओघळतो आणि ओघळता ओघळता निवतो. म्हणून चहा किंवा आमटी अंगावर पडलेल्या मुलाचा डाग वर रुंद, गडद आणि खाली निमुळता असतो. तापलेली वस्तू आपला छाप सोडते: इस्त्रीचं टोक, तव्याची कड, कालथ्याचं पातं. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्यांच्या उजव्या पोटरीला आतल्या बाजूने लंबगोल डाग दिसला तर विचारावंही लागत नाही, सायलेन्सर. विजेचा डाग याच्या उलट, अगदी क्षुल्लक दिसतो. बोटावर राखाडी टिंब, बस. पण करंट आतल्या स्नायूंतून आणि कधी हृदयातून गेलेला असतो, म्हणून टिंब केवढंही असलं तरी ईसीजी काढल्याशिवाय घरी जायचं नाही.

एक अवघड गोष्ट इथेच सांगून टाकते. दोन्ही पायांवर मोजे घातल्यासारखी सरळ कड, कुठेही शिंतोडा नाही. किंवा साधारण ८ ते १० मिलिमीटरचे, एकाच मापाचे, खोल गोल डाग. असं दिसलं आणि सांगितलेली हकीकत त्याच्याशी जुळत नसेल, तर कोणी मुद्दाम भाजलं असल्याची शंका घ्या आणि गप्प बसू नका. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. पण बोट दाखवण्याआधी पुढचा भाग वाचा, कारण नेमक्या याच जागी निरपराध माणसं अडकतात.

लिंबू आणि ऊन

पाच वर्षांची मुलगी. पाठीवर, खांद्याच्या खाली, तपकिरी रंगाचे तीन पट्टे आणि बाजूला एक आखूड चौथा. दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींनी उलथन्याचा चटका दिला, असा घरच्यांचा ठाम समज. मुलीला विचारलं तर ती नुसती बघत राहिली. मी डाग दाबला, दुखेना. फोड आलेला नाही, खपली नाही, नुसता रंग. मग डाग दिसला त्याच्या आदल्या दोन दिवसांचा हिशेब काढला. रविवारी पाहुणे आले होते, अंगणात सरबत झालं, पंचवीसेक लिंबं आईनेच पिळली. मधेच मुलगी रडत आली म्हणून तशाच ओल्या हाताने उचलून घेतली, आणि मग ती बिनबाह्यांच्या, पाठीला खोल गळ्याच्या झबल्यात उन्हात खेळली. मी आईला म्हटलं, तिला उचलताना हात कुठे ठेवता, दाखवा. तिने हात ठेवला. तीन पट्ट्यांवर तीन बोटं, चौथ्यावर अंगठा. तोवर मावशींना कामावरून काढून चार दिवस झाले होते.

लिंबाच्या सालीत आणि रसात सोरॅलेन जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी आतून पोळते. साधारण २४ तासांनी लाली किंवा फोड, दोन-तीन दिवसांत ती चढते आणि मग तपकिरी डाग राहतो. कधी कधी लाली इतकी हलकी असते की कोणाच्या लक्षातच येत नाही आणि थेट डागच दिसतो. ओघळाचे, शिंतोड्यांचे, बोटांचे आकार ही याची खूण. अंजिराच्या चिकातही हीच द्रव्यं, त्यामुळे पुरंदरकडच्या अंजीरबागांत तोडणीला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसणारेही याच वाटेने फोड घेऊन येतात. बावचीचं काम चालतंच मुळी सोरॅलेनवर.

उपाय: धुवा, ती जागा उन्हापासून झाका आणि वाट बघा. डाग आठवड्यांनी, कधी महिन्यांनी आपोआप फिका होतो. दुकानातून गोरेपणाची ट्यूब आणून चोळू नका, तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं.

पावसाळ्यातला किडा, आणि नागीण

जून-जुलैत सकाळी सकाळी मान, गाल, दंड यांवर लांबुडका लाल पट्टा, मधे बारीक पिवळट फोड, चाबूक ओढल्यासारखा. लोक म्हणतात, अंगावर काहीतरी मुतलं. मुतत नाही, चावतही नाही. पेडेरस नावाचा भुंगेरा आहे, जेमतेम ७ ते १० मिलिमीटर लांब, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, दिसायला मुंगीसारखा. ट्यूबलाइटकडे येतो, अंगावर बसतो, आपण झोपेत तो चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं. आग एक-दोन दिवसांनी. कोपराच्या खोबणीत दोन्ही बाजूंना समोरासमोर सारखेच डाग दिसले तर खात्री समजा: हात दुमडला आणि एकाचा छाप दुसऱ्यावर उठला.

किडा दिसला तर मारू नका. फुंकर मारा किंवा कागदावर घेऊन बाहेर टाका आणि जागा साबणाने धुवा. हात न धुता डोळा चोळला तर डोळा सुजून बंद होतो. झोपताना खिडकीजवळचा दिवा बंद, अंथरूण झटकलेलं. एवढ्याने पुष्कळ काम होतं.

याच पट्ट्याला हमखास नागीण म्हटलं जातं. खरी नागीण वेगळी. तिच्यात दुखणं दोन-तीन दिवस आधी, मग लाल तळावर द्राक्षांच्या घोसासारखे फोड, आणि तेही अंगाच्या एकाच बाजूला; छातीच्या किंवा पाठीच्या मधल्या रेषेशी येऊन थांबतात. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती खोटी आहे. पण त्या भीतीपोटी गेरू लावून मंत्र टाकून घेण्यात तीन दिवस जातात आणि नेमके तेच तीन दिवस मोलाचे असतात. नागिणीची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर जास्त गुण येतो. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

बिब्बा, काजू, लसूण

बिब्बा घालणे हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. बिब्ब्याचं काळं तेल कपड्यावरून जात नाही, म्हणून तर धोबी खुणा करायला तेच वापरत. ते कातडीला लागलं की काळा डाग, आणि एक-दोन दिवसांनी ज्यांना सोसत नाही त्यांचा बिब्बा उततो: सूज, खाज, पाणी सुटणारे फोड, लागलं तिथेच नव्हे तर जिथे जिथे हात गेला तिथे. पायाच्या भेगा, गुडघेदुखी, काटा मोडलेली जागा, सगळ्यावर बिब्ब्याचा चटका द्यायची पद्धत अजून आहे. तो तापवून दिला असेल तर भाजणं आणि उतणं दोन्ही एकदमच पदरात पडतं. बाळाच्या कमरेला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा बांधणाऱ्यांना मी हात जोडते. बांधायचाच तर पाळण्याला बांधा, कातडीला लागेल असा नको.

काजू आणि आंबा बिब्ब्याच्याच कुळातले. ओले काजूगर काढणाऱ्या बायकांची बोटं काळी पडून सोलवटतात ती सालीतल्या तेलाने. हाताला आधी खोबरेल चोळतात ते बरोबर, हातमोजे त्याहून बरे. मे महिन्यात पोरांच्या ओठांच्या कडेला दिसणारे काळपट चट्टे म्हणजे देठाचा चीक न काढता खाल्लेला आंबा. एकाला बिब्बा उतत असेल तर त्याने काजूच्या सालीपासूनही जपून राहावं.

लसणाचं मात्र निराळं. कच्चा लसूण ठेचून रात्रभर गुडघ्याला बांधला तर ते भाजल्यासारखं नव्हे, खरंच रासायनिक भाजणं असतं. रुईच्या चिकाचं तेच. उपचारही भाजल्याचेच.

थोडक्यात बाकीचे

अंगावर रुपयाएवढा काळा-जांभळा गोल डाग, ओठावर किंवा आणखी अवघड जागी, आणि दर वेळी त्याच जागेवर पुन्हा: हा गोळीचा डाग. जंतुसंसर्गावरचं सल्फा, जुलाबावरची काही औषधं, अंगदुखीच्या गोळ्या. गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

मुलांच्या नाकातोंडापाशी, पायांवर येणारे गोल फोड फुटून मधासारखी खपली धरतात. ते सिगारेटच्या चटक्यांसारखे दिसतात, पण मापं लहानमोठी असतात, रोज एखाद-दुसरा वाढतो, आणि बरे झाल्यावर खड्डा राहत नाही. जंतूंचा संसर्ग आहे, औषधाने जातो.

पाठीवर ओळीने मोठी जांभळी वर्तुळं असतील तर तुंबडी लावली का, एवढंच विचारा. मांडीवर किंवा पोटावर जाळीदार तपकिरी नक्षी म्हणजे मांडीवरचा लॅपटॉप, शेक घ्यायची पिशवी, शेकोटी. हळूहळू रोज थोडं थोडं पोळणं. काश्मीरमध्ये फेरणाखाली, म्हणजे लांब सैल झग्याखाली, कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून बसणाऱ्यांच्या पोटावर, मांड्यांवर अशाच जागी पुढे कॅन्सर झालेले आहेत, तेव्हा ही नक्षी दिसली की उष्णता लांब ठेवा. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका उमटला तर तो भाजल्याचा नव्हे, टिकलीच्या गोंदाचा.

मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ते डाग खरेच असतात. तिथे डाग ओळखून भागत नाही, पोट कशाने फुगलं ते शोधावं लागतं, आणि तेही तासाभरात.

सकाळची वाट बघू नका

नवं औषध सुरू करून काही दिवस ते चार आठवडे झालेत, ताप आहे, डोळे लाल, तोंड आतून सोलवटलेलं आणि अंगाची कातडी पोळल्यासारखी सुटायला लागली आहे: औषध तिथल्या तिथे बंद आणि मोठं इस्पितळ. फिटच्या काही गोळ्या, युरिक अॅसिडवरचं अॅलोप्युरिनॉल, सल्फा यांनी असं होऊ शकतं, आणि या रोग्यांना अनेकदा जळित कक्षातच ठेवतात, इतकं ते भाजण्यासारखं असतं. तान्ह्या किंवा लहान मुलाला ताप, अंग लालेलाल, नुसता हात लावला तरी रडणं आणि कातडी निघून येणं, हेही तसंच. कढत पाणी सांडल्याची शंका येते, पण असतो जंतूंच्या विषाचा प्रताप.

खरं भाजलेलं असेल तर रोग्याचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे १ टक्का. त्याहून मोठं भाजणं, चेहरा, हात, पाऊल, जांघ, सांधा, वीज, अॅसिड, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, यातलं काहीही असेल तर दवाखाना. दाबल्यावर पांढरं होऊन परत गुलाबी होणारी, ओलसर, खूप दुखणारी जखम वरवरची. पांढरीफटक किंवा काळी, चामड्यासारखी आणि न दुखणारी जखम खोल. ‘दुखत नाही म्हणजे बरं होतंय’ असं वाटून लोक तिथेच फसतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या.

डाग राहणार का?

दोन आठवड्यांत भरलेली जखम सहसा व्रण सोडत नाही, रंग तेवढा मागेपुढे होतो. तीन आठवड्यांहून जास्त घेतले तर जाड, खाजरा व्रण उठण्याची शक्यता मोठी. जखम पूर्ण मिटली की रोज तेल किंवा व्हॅसलीनने हलका मसाज, ऊन टाळणं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल काही महिने. व्रण मऊ पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तीन आठवड्यांत ट्यूब बदलत बसू नका. आणि वीस-तीस वर्षांपूर्वीच्या भाजल्याच्या व्रणावर नव्याने जखम झाली, ती चिघळत राहिली, भरेचना, तर मलमात वेळ न घालवता तिचा तुकडा तपासायला द्या. क्वचित त्यातून कॅन्सर निघतो.

डाग कसलाही असो, पहिल्याच दिवशी त्याच्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवून दिवसाउजेडी फोटो काढा, मग रोज एक, त्याच जागेवरून, त्याच उजेडात. वाढतोय की आटतोय हे तुमच्या आठवणीपेक्षा तो जास्त खरं सांगतो, आणि मलाही. फक्त हळद लावायच्या आधी काढा.